‘सध्या काय ऐकताय?’ या प्रश्नाची टवाळी करणाऱ्यांना

शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रणांमागे लागलेल्या माणसांची टवाळी करणं हा आपल्याकडच्या संगीतवर्तुळातला एक प्रतिष्ठित छंद आहे. दोन रेकॉर्डवेडे भेटले की पहिला प्रश्न ठरलेला : सध्या काय ऐकताय? मग एक जण सांगणार, आठवडाभर अब्दुल करीम खाँसाहेबांची १९०५ च्या सुमाराची मुद्रणं ऐकतोय आणि तीस वर्षांनंतरच्या मुद्रणांशी ताडून पाहतोय. दुसरा विचारणार, प्रत कुठली? कुणी उतरवून घेतलेली? वेग बरोबर आहे का? एवढं कानावर पडलं की शेजारी उभा असलेला कुणी जाणकार गालातल्या गालात हसतो. त्या हसण्यात जे असतं ते अलीकडे परिसंवादांतून, मुलाखतींतून, क्वचित मैफल सुरू होण्याआधी गायकाच्या तोंडूनही उघड बोललं जातं. म्हणून हा प्रतिवाद.

म्हणणं साधारण असं, की गाणं समोर बसून ऐकायचं असतं. तबकडीत, फितीत, मोबाईलमध्ये उरतो तो गाण्याचा सांगाडा, आणि त्या सांगाड्याची चर्चा करणारे लोक रसिक नव्हेत, हिशेबनीस आहेत. त्यांना समेचा आनंद कळत नाही, रेकॉर्डचा क्रमांक मात्र पाठ असतो. ‘मी हे ऐकलं, तुम्ही ऐकलंत का?’ हा सगळा मिरवण्याचा प्रकार. आणि सर्वांत गंभीर आरोप हा, की या मंडळींनी आजच्या गाण्याकडे पाठ फिरवली आहे. समोर एखादं पोरगं जीव तोडून गातंय आणि यांच्या डोक्यात साठ साली कुणी तरी गायलेला मालकंस वाजतोय.

हिशेबनीस हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्यांना एक आठवण करून द्यायला हवी. घराण्यांच्या गायकीवर मराठीत जे मोलाचं लेखन झालं, त्यात वामनराव देशपांड्यांच्या ‘घरंदाज गायकी’चं (१९६१) नाव पहिल्या काहींत घ्यावं लागतं. वामनराव पेशाने चार्टर्ड अकाउंटंट होते. स्वर आणि लय यांचं कुठल्या घराण्यात काय प्रमाण आहे, कोण आवाज कसा लावतो, तान कुठून उचलतो, याची त्यांनी जी मांडणी केली, ती काटेकोर नोंद ठेवण्याची सवय असल्याखेरीज झाली नसती. ऐकलेलं आठवणं, दुसऱ्या ऐकलेल्याशेजारी ठेवणं आणि फरक कशात आहे ते शब्दांत सांगणं, यापलीकडे संगीतसमीक्षेजवळ दुसरं भांडवल काय असतं? तपशिलाला नाक मुरडणाऱ्यांकडून गाण्याचं जे वर्णन ऐकायला मिळतं, ते बहुधा ‘काय गायले हो!’ इथे सुरू होतं आणि तिथेच संपतं.

आता त्या सांगाड्याचं. ‘ध्वनिमुद्रण म्हणजे मेलेलं गाणं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की ते पहिल्यांदा कोण म्हणालं याची मला उत्सुकता आहे. किराणा घराण्यातला तर तो नसावा. भीमसेन जोशी अकरा वर्षांचे असताना घर सोडून पळाले, त्याला कारण एका दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड. वसंतातली चीज आणि झिंजोटीतली ठुमरी. असं गाणं आपल्यालाही यायला हवं म्हणून पोरगा विनातिकीट गाडीत बसला. वर्ष १९३३. त्या मेलेल्या गाण्याने जे जन्माला घातलं, ते पुढे महाराष्ट्राने साठाहून अधिक वर्षं ऐकलं. गंगूबाई हनगल लहानपणी ग्रामोफोनचा आवाज कानी पडला की रस्त्यावर धावत जात आणि ऐकलेलं गाऊन पाहत. कुमार गंधर्व हे नाव मिळण्याआधीचा शिवपुत्र कोमकळी तर तबकड्यांवरची मोठमोठ्या गवयांची गाणी जशीच्या तशी गाऊन दाखवी, आणि लोक तेच ऐकायला जमत. या तिघांनाही पुढे गुरू मिळाले, तालीम मिळाली, ते वेगळं. पण कान पहिल्यांदा उघडला तो तीन मिनिटांच्या लाखेच्या तबकडीने.

त्या तीन मिनिटांचीही चेष्टा होते. ‘तीन मिनिटांत काय राग मांडणार?’ प्रश्न रास्त वाटतो. पण तबकडी लावून नीट ऐकलं तर उत्तर तिथेच आहे. ७८च्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन, सव्वातीन मिनिटं मिळत. गवई दोन आलापांत रागाचं तोंड दाखवतो, स्थायी मांडतो, मुखडा दोन-तीन अंगांनी घेऊन समेवर येतो, चार ताना आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात अंतऱ्याला हात लावून मोकळा. बैठकीत जे तासाभरात पसरून येतं, त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं याचा निर्णय त्याला आधीच करावा लागलेला असतो. म्हणजे त्याच्या मते रागाचा गाभा कशात आहे, हे तबकडी सांगून टाकते. तासाभराच्या मैफलीत ते शोधावं लागतं. मी विस्ताराला कमी लेखत नाही. पण कुठल्या गवयाने तीन मिनिटांत काय सोडलं, याची आपापसात चर्चा करणारी माणसं गायकीचा अभ्यासच करत असतात, मग त्यांना ते नाव द्या किंवा देऊ नका.

‘समोर बसून ऐकणं’ हा तर एक पवित्र मंत्रच झाला आहे. समोर बसून ऐकण्यासारखं दुसरं काही नाही, हे कोण नाकारतो? पण समोर कोणाला बसायला मिळत होतं, हेही विचारावं. दरबारात, सरदारांच्या वाड्यांत, गिरगावातल्या धनिकांच्या दिवाणखान्यांत आणि देवल क्लबसारख्या ठिकाणी कोण कोण बसलेले असत आणि कोण नसत, हे सांगायला इतिहासाचा मोठा व्यासंग लागत नाही. घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतल्या बायका नसत. खालच्या मानल्या गेलेल्या जातींतली माणसं नसत. रेल्वे नसलेल्या तालुक्याच्या गावातला मास्तर नसे. ग्रामोफोन, मग रेडिओ, मग कॅसेट अशी एकेक गोष्ट येत गेली तसा तो दिवाणखाना उघडत गेला. शनिवारी रात्री आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम ऐकून सोमवारी कचेरीत त्यावर बोलणाऱ्या माणसाला ‘तुम्ही समोर कुठे होतात?’ असं विचारणं हा उद्धटपणा आहे. तो रसिकतेच्या वेषात आला म्हणून सौम्य होत नाही.

आणि आज समोर बसणं म्हणजे नेमकं काय? मोठ्या महोत्सवात मागच्या तंबूत बसलेला श्रोता गायकाला पडद्यावर पाहतो आणि कर्ण्यातून ऐकतो. तानपुरे यंत्रातून येतात. तबल्याचा आवाज किती आणि पेटीचा किती हे ध्वनिव्यवस्थेवर बसलेला मुलगा ठरवतो. एवढं करूनही ते प्रत्यक्ष, आणि घरी शांतपणे, बऱ्या स्पीकरवर ऐकलेलं ते अप्रत्यक्ष! रात्री अकरा वाजता तोडी ऐकणाऱ्यांवर विनोद करणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की कंपनीच्या स्टुडिओत गवई मारवा गात असताना बाहेर सूर्य कुठे होता याची चौकशी त्यांनी कधी केली आहे का?

मारव्याचा विषय निघालाच आहे तर जरा थांबतो, कारण ‘काय ऐकलं ते सांगणं’ म्हणजे काय हे त्यावरून नीट दाखवता येईल. अमीर खाँसाहेबांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली लाँगप्ले अनेकांच्या घरी होती. त्यातला मारवा ‘अप्रतिम’ आहे हे सांगायला कुणाची गरज नाही. पण एखादा मित्र सांगतो, या वेळी फक्त षड्जाकडे लक्ष देऊन ऐक. मग ध्यानात येतं, की झुमऱ्याच्या चौदा मात्रा इतक्या संथ चालल्यात की दोन मात्रांमध्ये माणूस श्वास घेऊन सोडू शकेल, आणि या सगळ्या अवकाशात खाँसाहेब कोमल रिषभ आणि धैवत यांच्याभोवतीच फिरताहेत. पंचम रागातच नाही. षड्ज आहे, पण ते त्यावर बसत नाहीत. दरवेळी वाटतं, आता टेकतील; आणि ते बाजूने निघून जातात. बऱ्याच वेळाने जेव्हा षड्ज खरोखर लागतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या छातीवरचं काही तरी उतरतं. मारव्याला अस्वस्थ, व्याकूळ अशी विशेषणं आपण पुस्तकांत वाचलेली असतात. ती अस्वस्थता कुठल्या क्लृप्तीने तयार होते हे कळायला, षड्ज ऐक असं सांगणारा कुणी तरी लागतो, आणि तीच बाजू पुन्हा लावण्याची सोयही लागते. मैफलीत ही दुसरी सोय नसते. मित्राने हे मिरवण्यासाठी सांगितलं असेल. असू दे. मला षड्ज मिळाला.

मिरवण्याच्या आरोपात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. नुसता दुवा पाठवून खाली ‘दैवी!’ लिहिणारे आहेत. ‘सहेला रे’ दर पंधरवड्याला नव्याने सापडल्यासारखं पाठवणारे आहेत. किशोरीताईंनी आयुष्यात दुसरं काही गायलंच नाही असा समज व्हावा इतक्या निष्ठेने. आपल्या संग्रहात किती हजार तासांचं मुद्रण आहे हे सांगणारे आहेत, आणि त्यातलं किती ऐकलं असं विचारल्यावर विषय बदलणारेही आहेत. यांची खिल्ली उडवायला माझी हरकत नाही, मीही हातभार लावीन. पण चेष्टेचा रोख नेमका उलट्या दिशेला असतो. ‘दैवी!’ म्हणणाऱ्याला कुणी हसत नाही, तो भाविक ठरतो. तारीख विचारणारा, तबल्यावर कोण होतं ते विचारणारा, हा राग कलावतीच ना अशी शंका काढणारा माणूस मात्र रुक्ष ठरतो. माझ्या मते या दोघांत संगीतावर खरं प्रेम कोण करतो याबद्दल शंकाही नको.

आता तो गंभीर आरोप. जुन्या मुद्रणांमुळे श्रोता तुलना करू लागला आणि आजच्या गायकावर अन्याय होतो, असं म्हणतात. जणू मुद्रणं येण्याआधी कुणी तुलना करतच नव्हतं! भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचं एकही ध्वनिमुद्रण नाही. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाजही आज कुठे ऐकायला मिळत नाही. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी लिहून ठेवलं म्हणून आपल्याला त्या गाण्याची काही कल्पना करता येते. पुढच्या दोन पिढ्यांच्या गायकांना काय ऐकावं लागलं असेल, विचार करा. ‘तुम्ही बुवांना ऐकलं नाहीत ना? मग राहू द्या.’ या वाक्याला तरुण गायक काय उत्तर देणार? बुवांचा पुरावा देता येत नाही आणि खोडताही येत नाही. पहिल्या रांगेतल्या चार म्हाताऱ्यांच्या स्मरणशक्तीसमोर तो कायमचा गुन्हेगार.

मुद्रणाने ही सत्ता मोडली. दिवंगत थोरांच्या खासगी बैठकींच्या फिती ऐका, म्हणजे कळेल. तेही कधी बेसूर होतात. आवाज लागायला अर्धा तास घेतात. एखादी तान सुटते, पुन्हा घेतात, पुन्हा सुटते. आवडीची फिरत एकाच बैठकीत सहा वेळा येते. मग सातव्या वेळी असं काही होतं की ऐकणारा खुर्चीतून उठतो, आणि ते कुठून आलं हेही कळतं, कारण आधीचे सहा प्रयत्न फितीवर आहेत. ज्याने हे ऐकलं आहे तो आजच्या पोराच्या सुटलेल्या तानेवर नाक मुरडत नाही. तो थांबतो. माझा अनुभव असा, की तरुण गायकांना सगळ्यांत क्रूरपणे मोडीत काढतात ते मुद्रणं न ऐकणारे लोक, कारण त्यांच्या मनातला पूर्वसूरी कधी चुकतच नाही. अर्थात, जुन्या फितींपायी आजच्या मैफलीला जाणं खरोखर सोडलेली माणसंही मला माहीत आहेत. त्यांनी जावं. पण ती मैफलीला येत नाहीत याचा राग फितींवर काढण्यात अर्थ नाही. अडीच तास गाडी चालवून, पार्किंग शोधून, सत्काराची चार भाषणं ऐकल्यावर गाणं सुरू होणार असेल तर काही माणसं घरीच राहतील.

तपशील कशाला, तारखा कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी एक यांत्रिक गोष्ट सांगतो. बॅटरीवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरची बॅटरी मैफल चालू असताना उतरत गेली, की फीत हळूहळू मंद सरकू लागते. हीच फीत पुढे नीट वेगाच्या यंत्रावर वाजवली की गायक तासाभरात काळी एकवरून पांढरी दोनला पोचलेला असतो. तानपुरा, पेटी, तबला सगळेच बरोबर चढतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला बेसूर काही वाटत नाही. उलट वाटतं, शेवटी शेवटी बुवा काय रंगलेत, लय काय चढलीय! ७८च्या तबकड्यांचंही तसंच. कित्येक जुन्या तबकड्या प्रत्यक्षात त्या वेगाने मुद्रित झालेल्याच नव्हत्या. मिनिटाला साडेचार फेऱ्यांचा फरक पडला की सूर अर्ध्या स्वराने चढतो, आवाज बारीक होतो आणि तान आहे त्याहून चपळ ऐकू येते. मग यावरून कुणी तरी लेख लिहितो की अमुक घराण्यात पूर्वी द्रुत तानेचं प्राबल्य होतं. पेटी घेऊन बसलेला, सूर ताडून पाहणारा, ‘तुमच्या प्रतीत कुठल्या पट्टीत वाजतंय?’ असं चार जणांना विचारणारा तो रुक्ष माणूस अशा वेळी संगीताच्या इतिहासाला वाचवत असतो.

रेकॉर्डच्या क्रमांकांवरही बरंच हसून झालं आहे. ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळी तबकड्या जर्मनीत हॅनोवरला छापल्या जात. तिथल्या कारागिरांना आवाज कुणाचा हे कळावं म्हणून गाणं संपल्यावर कलाकाराने आपलं नाव घेण्याची पद्धत होती. १९०२ साली कोलकात्यात मुद्रण झालेल्या गौहर जानने इंग्रजीत घेतलेलं नाव आजही ऐकून लोक खूश होतात. म्हणजे नोंद हा या कलाप्रकाराचा पहिल्या दिवसापासूनचा भाग आहे. खुद्द गायिकेच्या आवाजातली नोंद. पुढे ही नावं घेणं बंद झालं आणि भिस्त लेबलावर व तबकडीच्या मधल्या मोकळ्या कड्यावर कोरलेल्या क्रमांकावर आली. लेबलं चुकत, झिजत, पुनर्मुद्रणात बदलत. क्रमांक सहसा टिकत. मिरजेत राहिलेल्या आणि मिरजेतच दफन झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांची सगळी सूची चरित्रासह कुणी केली? मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन संग्राहकाने. त्यांनी आणि मुंबईतल्या रेकॉर्डप्रेमींनी १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन केली. सुरेश चांदवणकरांनी तिचं काम वर्षानुवर्षं वाहिलं, ‘द रेकॉर्ड न्यूज’ नावाचं नियतकालिक काढलं. महिन्याला एकत्र जमायचं, कुणी तरी तबकड्या आणायच्या, ऐकायच्या, बोलायचं. बाहेरून पाहणाऱ्याला हे रिकामटेकड्यांचं मंडळ वाटलं असेल. आज गेल्या शतकातल्या कलावंतावर प्रबंध लिहायला बसलेली विद्यार्थिनी शेवटी याच रिकामटेकड्यांच्या दारात येते.

आणि केसरबाई. केसरबाई केरकरांचा मुद्रणाला असलेला विरोध आमच्या विरोधकांचं आवडतं उदाहरण आहे. बाई फार थोडं मुद्रित करू देत, हे खरंच आहे. पण त्यांच्या त्या थोड्या तबकड्यांपैकी भैरवीतली ‘जात कहाँ हो’ १९७७ साली व्हॉयेजर यानावरच्या सुवर्णतबकडीत गेली. ती कशी गेली? कुठल्या सरकारी समितीने शिफारस केली नव्हती. रॉबर्ट ब्राऊन नावाच्या अमेरिकन संगीतअभ्यासकाला कार्ल सेगन यांच्या मंडळींनी विचारलं, जगातल्या संगीतातून काय पाठवावं? त्याने आपण ऐकलेलं आणि आवडलेलं सांगितलं, आणि यादीत बाईंची ही भैरवी वर ठेवली. तबकडी बाजारातून केव्हाच गेलेली. त्या मंडळींपैकी अ‍ॅन ड्रुयन यांनी न्यूयॉर्कमध्ये शोधाशोध केली तेव्हा एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात ती हाती लागली. ‘सध्या काय ऐकताय?’ या प्रश्नाला एका माणसाने दिलेलं उत्तर, एवढंच ते होतं. साडेतीन मिनिटांचं. केरी गावात जन्मलेल्या बाईंचा सूर सूर्यमालेबाहेर गेला हे आपण अभिमानाने सांगतो. मग ज्या सवयीमुळे तो गेला तिची थट्टा तरी करू नये.

एका मुद्द्यावर मात्र कलावंतांची तक्रार मला पूर्ण मान्य आहे. खुर्चीखाली यंत्र लपवून केलेलं मुद्रण, तेही गायकाने हात जोडून नको म्हटल्यावर, ही चोरीच आहे. कायदा स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या मुद्रणाला मोकळीक देतो. गावभर वाटण्याला देत नाही. हयात कलावंताची बिघडलेली बैठक परवानगीवाचून सगळीकडे फिरवणाऱ्यांना माझी सहानुभूती नाही. पण ‘मी काय ऐकलं’ हे सांगणं आणि फीत वाटणं या दोन गोष्टींची गल्लत मुद्दाम केली जाते. ती करणाऱ्यांत असेही आहेत, ज्यांच्या गुरूंची जन्मशताब्दी आली की पहिला फोन याच संग्राहकांना जातो : तुमच्याकडे काही असेल ना हो? असतं. बहुतेक वेळा ते फुकट दिलंही जातं, आणि समारंभाच्या पत्रिकेत देणाऱ्याचं नाव नसतं.

संग्राहकांमधल्या दुसऱ्या जातीविषयीही बोललं पाहिजे, नाही तर हा लेख वकिलीचा वाटेल. दुर्मीळ फीत आहे, पण ऐकवणार नाही. ऐकवली तर नाव सांगणार नाही. नाव सांगितलं तर प्रत देणार नाही. या नागोबांनी जेवढं नुकसान केलं आहे, तेवढं टवाळखोरांनी नक्कीच केलेलं नाही. फीत ही टिकाऊ वस्तू नव्हे. तिच्यावरचा चुंबकीय थर सुटतो, बुरशी लागते, गुंडाळीतल्या एका पदराचा आवाज दुसऱ्या पदरावर उमटतो. माणूस जातो, मुलांना गाण्यात रस नसतो, फ्लॅट रिकामा करायचा असतो, आणि वरच्या माळ्यावरचे स्पूल रद्दीवाल्याकडे. संग्रह जपणं म्हणजे तो ऐकत, सांगत, वाटत राहणं, हे त्यांना कळलंच नाही.

गाणी ऐकवणाऱ्या नव्या कंपन्यांनी तर ही गरज आणखी वाढवून ठेवली आहे. मोबाईलवर एखाद्या थोर गायकाचं नाव शोधा. राग : तोडी. कुठली तोडी? मियाँ की, बिलासखानी, गुर्जरी? वर्ष म्हणून जे दिसतं ते बहुधा कंपनीने ते पुन्हा प्रसिद्ध केल्याचं असतं, गायल्याचं नव्हे. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, मागे कुठला शिष्य आवाज देतोय, याची दाद ना फिर्याद. लाँगप्लेच्या पाठीवर ही सगळी माहिती छापलेली असे. कॅसेटच्या कागदावरही निदान साथीदारांची नावं असत. जसजसं सगळं ‘उपलब्ध’ होत गेलं तसतशी माहिती गळत गेली. विलंबित ठेका चाळीस मिनिटं न ढळता धरणारा तबलजी आज या पडद्यांवर अस्तित्वातच नाही. त्याचं नाव सांगणारं कुणी उरलं असेल तर ते वहीत नोंदी ठेवणारं आणि दिसेल त्याला ‘सध्या काय ऐकताय?’ विचारणारं माणूस. आयोजकांनी आणि गायक मंडळींनी त्याला हसण्यात वेळ घालवण्यापेक्षा आपल्या कार्यक्रमांच्या मुद्रणांवर राग, ताल, तारीख, ठिकाण आणि प्रत्येक साथीदाराचं पूर्ण नाव लिहायला सुरुवात करावी. गुरूंच्या घरी माळ्यावर स्पूल असतील तर ते या पावसाळ्याआधी खाली काढावेत, आणि उतरवून घेताना वेग ताडून पाहायला त्याच रुक्ष माणसाला बोलवावं. तो येईल, पेटी घेऊन येईल, आणि पट्टीवरून तुमच्याशी भांडेलही.